मॅपमधला रंग काढला तर काय उरतं? कलरब्लाइंड लोकांना वापरता येईल असा मॅप बनवताना

पार्किंग दाखवणारा एक छोटा मॅप मी बनवला होता. हिरवी पिन म्हणजे जागा आहे, लाल पिन म्हणजे फुल. फार मनापासून केलं होतं ते काम म्हणून पहिल्यांदा दादाच्याच हातात फोन दिला. त्याने बराच वेळ बघितलं, झूम केलं, परत बाहेर आला आणि म्हणाला, "यातल्या रिकाम्या कुठल्या गं?" दादा कलरब्लाइंड आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मला पण, पण मॅप बनवताना ते एकदाही डोक्यात आलं नाही. त्याला सगळ्या पिना एकाच मातकट रंगाच्या दिसत होत्या. मग बोलता बोलता कळलं की तो ट्रॅफिकच्या रंगांकडे कधी बघतच नाही, नुसता किती मिनिटं लागणार तो आकडा बघतो आणि निघतो. म्हणजे ज्या माहितीसाठी आपण एवढे लेयर बनवतो ती त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

त्या दिवसापासून मी मॅपचं काम उलट्या क्रमाने करते. आधी पूर्ण मॅप करड्या रंगात बनवायचा, तो तसा वाचता आला पाहिजे, आणि मग त्यावर रंग चढवायचा. खालचं सगळं या एकाच गोष्टीभोवती आहे. तुम्ही अ‍ॅप बनवत असाल, वेबसाइटवर एखादा मॅप टाकत असाल किंवा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल, तिन्हीकडे हे लागू पडतं.

आधी नक्की काय दिसतं ते समजून घ्या

कलरब्लाइंड म्हणजे सगळं ब्लॅक अँड व्हाइट दिसतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं फार क्वचित असतं. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, प्रकाशाच्या लांब, मध्यम आणि आखूड लहरींच्या, आणि बहुतेक कलरब्लाइंड लोकांमध्ये लांब किंवा मध्यम लहरींची पेशी एकतर काम करत नाही किंवा ती दुसरीच्या फार जवळ सरकलेली असते, म्हणून लाल ते हिरवा या पट्ट्यातले फरक पुसट होतात. याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात त्यामुळे पुरुषांमध्ये प्रमाण बरंच जास्त, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मागे १ आणि बायकांत २०० मागे १, इतर बऱ्याच ठिकाणी पुरुषांचं प्रमाण याहून कमी असतं. कमी म्हटलं तरी मॅप अ‍ॅप वापरणारे किती लोक असतात ते बघा.

मॅप बनवणाऱ्याला तीन नावं माहीत असलेली बरी. ड्यूटॅन म्हणजे मध्यम लहरींची अडचण, हे सगळ्यात जास्त लोकांना असतं आणि त्यातही बहुतेकांना सौम्य असतं. प्रोटॅन म्हणजे लांब लहरींची अडचण, यात लाल रंग नुसता वेगळा दिसत नाही तर काळपट दिसतो, हे लक्षात ठेवा, पुढे डार्क मोडमध्ये लागणार आहे. आणि ट्रायटॅन म्हणजे निळ्या-पिवळ्याची अडचण, हे दुर्मिळ आहे आणि बायका-पुरुषांत सारखंच असतं.

रसायनशास्त्रातला तो जॉन डाल्टन स्वतः असाच होता. त्याने १७९४ मध्ये स्वतःच्या दृष्टीबद्दल निबंध वाचला, त्यात लाखेची लाल कांडी आणि झाडाचं हिरवं पान त्याला कसं एकसारखं दिसतं ते लिहिलंय. त्याचा डोळा जपून ठेवलेला होता, १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की तो ड्यूटॅन होता. आमच्या दादासारखाच.

आता हे मॅपच्या भाषेत बघू. हलक्या हिरव्या रंगातली बाग आणि बाजूची बदामी रंगाची मोकळी जमीन एक होतात. मेट्रोची निळी लाइन आणि जांभळी लाइन एक होतात, कारण जांभळा म्हणजे निळ्यात मिसळलेला लाल, आणि तो लालच दिसत नाहीये. पोपटी आणि नारिंगी एक होतात, म्हणजे नेमका ट्रॅफिकमधला मोकळा आणि हळू. गुलाबी आणि करडा, निळसर हिरवा आणि करडा, तपकिरी आणि गडद हिरवा, या सगळ्या जोड्या धोक्याच्या.

आणि अजून एक गोष्ट जी फार कमी लोक बोलतात. रंग किती ओळखू येतो हे तो किती मोठ्या जागेवर आहे यावर पण असतं. सौम्य ड्यूटॅन माणसाला लाल शर्ट आणि हिरवा शर्ट नीट ओळखता येतात, तो म्हणेल मला काही प्रॉब्लेम नाही, पण तेच दोन रंग तीन पिक्सेल जाडीच्या रेषेत दिले की संपलं. मॅप म्हणजे बारीक रेषा आणि बारीक ठिपके यांचाच खेळ आहे, त्यामुळे बटणावर चालणारा रंग मॅपवर चालेलच असं धरून चालू नका.

करडा मॅप

आयफोनवर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज, त्यात कलर फिल्टर्स, तिथे ग्रेस्केल चालू करा. अँड्रॉइडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये कलर करेक्शन असतं, नव्या फोनवर त्यातच ग्रेस्केल मिळतं. मग तुमचा मॅप उघडा आणि स्वतःला प्रश्न विचारा: माझा रस्ता कुठला, गर्दी कुठे आहे, बंद रस्ता कुठला, मला हवी ती पिन कुठली. जिथे उत्तर देता आलं नाही तिथे तुम्ही फक्त रंगावर विसंबलेले आहात.

हे असं का होतं ते आकड्यांत बघू. वेबच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, मोजायची एक पद्धत दिली आहे. रंगाचा उजळपणा काढताना लाल भागाला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला ०.०७२२ असं वजन देतात, त्याआधी स्क्रीनचा गॅमा, म्हणजे रंगाचे आकडे आणि प्रत्यक्ष उजेड यांच्यातला ठरलेला फरक, हिशोबातून काढून टाकावा लागतो पण ते कुठलाही ऑनलाइन कॅल्क्युलेटर करून देतो. मग दोन्ही उजळपणांत ०.०५ मिळवायचं आणि मोठ्याला लहानाने भागायचं. आता नेहमीचा लाल घ्या, २५५, ०, ० (हे तीन आकडे म्हणजे रंगातला लाल, हिरवा आणि निळा भाग, प्रत्येक ० ते २५५), आणि नेहमीचा हिरवा घ्या, ०, १२८, ०. कॉन्ट्रास्ट येतो १.२८:१. म्हणजे जवळपास काहीच नाही. आपल्याला हे दोन रंग एकमेकांच्या एकदम विरुद्ध वाटतात पण त्यांच्या उजळपणात फरकच नाही, सगळा फरक त्या एका गोष्टीत आहे जी दादाला दिसत नाही.

नियम काय म्हणतात तेही सांगून ठेवते, कारण ऑफिसमध्ये वाद घालताना उपयोगी पडतं. कलम १.४.१ सांगतं की माहिती देण्यासाठी फक्त रंग वापरू नका, आणि हे सगळ्यात खालच्या म्हणजे ए लेव्हलचं आहे, म्हणजे अगदी किमान अपेक्षा. कलम १.४.११ सांगतं की अर्थ असलेल्या चित्रांना आणि आयकॉनना शेजारच्या रंगाशी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट हवा, हे २०१८ च्या २.१ आवृत्तीत आलं. साध्या आकाराच्या अक्षरांना ४.५:१.

पण फक्त ग्रेस्केलवर थांबू नका. ग्रेस्केल आपल्या डोळ्याच्या हिशोबाने उजळपणा काढतं, आणि प्रोटॅन माणसाला लाल त्याहून बराच काळा दिसतो, त्यामुळे ग्रेस्केलमध्ये पास झालेला लाल त्याच्याकडे नापास होऊ शकतो. म्हणून दोन टेस्ट लागतात, करडी आणि सिम्युलेटरची, म्हणजे कलरब्लाइंड डोळ्याला साधारण काय दिसतं ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची. सिम्युलेटरचं पुढे बोलते.

ट्रॅफिकची रेष

इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त लोक याच गोष्टीसाठी मॅप उघडतात आणि सगळ्यात वाईट अवस्था पण इथेच आहे. हिरवा, नारिंगी, लाल, गडद लाल, एवढ्यावर सगळं चाललेलं असतं.

पहिला प्रश्न असा की मोकळ्या रस्त्याला रंग द्यायचाच कशाला? मोकळा रस्ता ही बातमी नाही, गर्दी ही बातमी आहे. मोकळ्या रस्त्यावर एक बारीक फिकट रेष ठेवा, म्हणजे इथला डेटा आहे एवढं कळतं, आणि सगळं लक्ष गर्दीवर जाऊ द्या. नुसतं एवढं केलं तरी हिरवा की लाल हा प्रश्नच अर्धा संपतो.

मग गर्दीची उतरंड लावा. हळू चाललेल्या रस्त्याला नारिंगी, २३०, १५९, ० हा चांगला आहे, जरा जाड रेष. अडकलेल्या रस्त्याला गडद लाल, १३९, ०, ०, त्याहून जाड, आणि त्यावर ठरावीक अंतराने पांढऱ्या आडव्या रेघा. या दोघांत कॉन्ट्रास्ट जवळपास ४.४:१ येतो, म्हणजे रंग पूर्ण काढला तरी एक फिका, एक गडद हे दिसतं, शिवाय जाडी वेगळी, शिवाय रेघा. एक खूण हुकली तर दुसरी सापडते. बंद रस्त्याला वेगळा रंग शोधत बसू नका, त्यावर फुल्या मारा आणि सुरुवातीला प्रवेश बंदचा आयकॉन ठेवा.

एक अडचण येते. नारिंगीचा पांढऱ्या मॅपशी कॉन्ट्रास्ट फक्त २.२५:१ आहे, ३ ला पुरत नाही. यावर उपाय म्हणजे किनार. खाली एक गडद रंगाची जरा रुंद रेष टाकायची आणि तिच्यावर नारिंगी अरुंद रेष, म्हणजे दोन्ही बाजूंनी एक-दीड पिक्सेलची गडद कड दिसते आणि नारिंगी उठून येतो. मॅपबॉक्स किंवा मॅपलिबर या मॅप दाखवायच्या साधनांमध्ये हे दोन लेयर एकाच सोर्सवर, म्हणजे एकाच डेटावर, एकावर एक ठेवून होतं. गर्दीच्या प्रत्येक अवस्थेला फिल्टर लावून स्वतःचा लेयर द्या, एकाच लेयरमध्ये सगळं कोंबलं की पॅटर्न बदलताना त्रास होतो. आणि तुटक रेषेचं माप तिथे रेषेच्या जाडीच्या पटीत असतं, त्यामुळे जाडी वाढवली की तुकडे पण लांब होतात, ते परत बघून घ्यावं लागतं.

झूम बाहेर नेला की या आडव्या रेघा चिकटून नुसता गिचका होतो. म्हणून लांबच्या झूमला रेघा बंद करा आणि फक्त जाडी आणि गडदपणा ठेवा, जवळच्या झूमला रेघा चालू करा.

आणि शब्द. रेषेवर टॅप केलं की साध्या शब्दांत यायला पाहिजे, "पुढे दीड किलोमीटर गर्दी, १२ मिनिटं जास्त". दादा जो आकडा बघत होता तोच खरं तर त्याच्यासाठी सगळ्यात भरवशाचा होता, तो आकडा फक्त पूर्ण प्रवासाचा होता, कुठल्या तुकड्यात गर्दी आहे ते त्याला कळत नव्हतं. ते द्या.

आता डार्क मोड. रात्री गाडी चालवताना मॅप आपोआप काळा होतो आणि बरेच जण दिवसाचेच रंग तसेच ठेवून देतात. तोच गडद लाल, १३९, ०, ०, जवळपास काळ्या बॅकग्राउंडवर, म्हणजे १८, १८, १८ वर ठेवला तर कॉन्ट्रास्ट येतो १.८७:१. हे नॉर्मल डोळ्याचं झालं. प्रोटॅन माणसाला लाल अजून काळा दिसतो, म्हणजे सगळ्यात जास्त गर्दीचा रस्ता त्याच्यासाठी रात्रीत विरून जातो आणि रिकाम्या गल्लीसारखा दिसतो. माहिती नसणं एक वेळ परवडलं, हे त्याला चक्क उलटं सांगतंय. म्हणून डार्क मोडमध्ये उतरंड उलटी करा: दिवसा जितकी गर्दी तितकी रेष गडद, रात्री जितकी गर्दी तितकी रेष उजळ. अडकलेल्या रस्त्याला रात्री फिका केशरी-लाल आणि पांढरी कड द्या. दोन्ही मोडसाठी दोन वेगळे पॅलेट, म्हणजे रंगांचे संच, लागतात, एकाला उलटवून दुसरं मिळत नाही.

तुमचा रस्ता आणि पर्यायी रस्ते

मुख्य रस्त्याला निळा वापरतात ते बरोबर आहे, लाल-हिरव्याची अडचण असलेल्यांना निळा स्वच्छ दिसतो. ०, ११४, १७८ हा निळा पांढऱ्यावर ५.१९:१ देतो. पर्यायी रस्ते बारीक आणि करडे ठेवा आणि प्रत्येकावर छोटा फुगा, त्यात मिनिटं. टोलचा रस्ता जांभळा करू नका, निळ्याशी मिसळेल, त्यावर टोल असं लिहा किंवा आयकॉन ठेवा. चालायच्या वाटेला ठिपके देतात तेही छानच आहे, फक्त मग ठिपके दुसऱ्या कुठल्या अर्थाने वापरू नका.

रस्त्याच्या रेषेवर ट्रॅफिक पण दाखवायचा असेल तर निळी कड शेवटपर्यंत अखंड ठेवा आणि ट्रॅफिकचा रंग आत भरा, नाहीतर मध्येच रेष लाल झाली की काहींना तो रस्ता तिथे तुटल्यासारखा वाटतो. सॅटेलाइट व्ह्यूवर कुठलाच रंग भरवशाचा नाही, खाली झाडं, माती, पाणी काहीही येऊ शकतं, तिथे पांढरी जाड कड आणि तिच्या बाहेर गडद बारीक कड अशी दुहेरी किनार लागते.

पिन

पिनमध्ये दोन गोष्टी असतात, ही जागा कसली आहे आणि तिची आत्ताची अवस्था काय आहे. लोक दोन्ही रंगाने दाखवायला जातात. जागा कसली हे आतल्या चिन्हाने दाखवा, अवस्था बाहेरच्या आकाराने. माझ्या पार्किंगच्या मॅपमध्ये मी शेवटी असं केलं: जागा असेल तर भरलेला गोल आणि आत किती जागा तो आकडा, फुल असेल तर पोकळ चौकोन आणि आत आडवी रेघ. रंग मी काढला नाही, तो आहेच, ज्यांना दिसतो त्यांना पटकन कळतं. चार्जिंग स्टेशन, सायकल स्टँड, उघडं-बंद दुकान, सगळीकडे हाच हिशोब.

आकाराने अर्थ सांगायची ही पद्धत जुनीच आहे. उत्तर अमेरिकेतल्या स्कीच्या उतारांना हिरवा गोल, निळा चौकोन, काळा डायमंड अशा खुणा असतात, रंग नाही कळला तरी आकार कळतो. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिथे प्रत्येक स्टेशनला स्वतःचं चित्र आहे, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही उतरता यावं म्हणून, आणि तेच चित्र रंग न कळणाऱ्याला पण कामाला येतं. मला हे उदाहरण फार आवडतं, एका अडचणीसाठी केलेली सोय दुसऱ्याच्या पण उपयोगी पडली.

मेट्रो आणि बसचे नकाशे

इथे रंग हेच लाइनचं नाव झालेलं असतं, "पिवळी लाइन पकडा" असं आपण म्हणतो, त्यामुळे रंग बदलता येत नाहीत. रंग तसाच ठेवा पण लाइनला अजून एक नाव द्या. न्यूयॉर्कच्या सबवेत ए, सी आणि ई या तिन्ही गाड्या एकाच निळ्या रंगाच्या आहेत, म्हणजे तिथे सगळ्यांनाच अक्षर वाचावं लागतं. टोकियोत २००४ पासून स्टेशनांना अक्षर आणि आकडा देतात, गिंझा लाइनला जी. पोर्तुगालमधल्या मिगेल नेव्हा या डिझायनरने कलरअ‍ॅड नावाची खुणांची पद्धत काढली, मूळ रंगांना छोटी चिन्हं आणि ती जोडून मिश्र रंगांची चिन्हं, पोर्टोच्या मेट्रोत ती वापरतात.

तुमच्या मॅपमध्ये करायचं ते एवढंच की लाइनचं अक्षर किंवा नाव त्या लाइनवरच, थोड्या थोड्या अंतराने आणि प्रत्येक जंक्शनच्या दोन्ही बाजूंना लिहा. कोपऱ्यातल्या लेजंडवर, म्हणजे कुठला रंग कशाचा ते सांगणाऱ्या यादीवर, सोडू नका. लेजंड म्हणजे रंग डोक्यात धरून दुसरीकडे जाऊन तो जुळवायचा, आणि दादाला सगळ्यात अवघड काम नेमकं तेच आहे. शेजारी शेजारी दोन रंग असतील तर तो कसाबसा फरक करतो, लांब असतील तर नाही.

पाऊस, उंची, प्रदूषण असे रंगीत पट्टे

इंद्रधनुष्याचे सगळे रंग ओळीने वापरायचा मोह सोडा. त्यात उजळपणा कसाही वर-खाली होतो, मध्ये पिवळा सगळ्यात उजळ आणि दोन्ही टोकं गडद, त्यामुळे जास्त कुठे आणि कमी कुठे ते रंग न दिसणाऱ्याला कळतच नाही. विरिडिस हा तयार रंगपट्टा वापरा, मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या पायथन लायब्ररीत २.० आवृत्तीपासून तोच डीफॉल्ट आहे, किंवा सिव्हिडिस, जो २०१८ मध्ये कलरब्लाइंड लोकांना डोळ्यासमोर ठेवूनच बनवला. क्षेत्रांचे नकाशे करत असाल तर सिंथिया ब्रूअर यांची कलरब्रूअर ही वेबसाइट बघा, त्यात कलरब्लाइंड-सेफ असा टिक आहे, तो लावला की फक्त चालणारे पॅलेट उरतात. दोन बाजू असलेला डेटा असेल, सरासरीपेक्षा कमी आणि जास्त असा, तर लाल-हिरवा नको, निळा-नारिंगी घ्या. आणि वेगवेगळ्या प्रकारांसाठी सुटे रंग हवे असतील तर मासाताका ओकाबे आणि केई इतो यांचा आठ रंगांचा पॅलेट आहे, वरचे निळा आणि नारिंगी त्यातलेच आहेत. आठच्या पुढे जाऊ नका, तेवढे प्रकार एकत्र करता येतात का ते आधी बघा.

चालू गाडीत

गाडी चालवणाऱ्याकडे स्क्रीनसाठी एखादा सेकंद असतो. लेन दाखवताना हिरवा बाण आणि करडा बाण असं देऊ नका, घ्यायच्या लेनचा बाण भरलेला आणि जाड, बाकीचे पोकळ आणि बारीक. वेग मर्यादेबाहेर गेला की आकडा नुसता लाल होऊन उपयोग नाही, तो मोठा होऊ दे, त्याच्याभोवती चौकट येऊ दे, आवाज येऊ दे. आवाजी सूचनांमध्ये पण बघा, "निळ्या रेषेवर परत या" असं वाक्य असेल तर ते "पुढच्या चौकात डावीकडे वळा" असं करा.

सेटिंग ठेवायची का

वेगळा कलरब्लाइंड मोड ठेवायचा का हा प्रश्न नेहमी येतो. माझं स्पष्ट मत आहे की आधी मूळ मॅप सुधारा. जाडी, आकार, शब्द, किनार हे सगळं सगळ्यांसाठीच असू दे, त्याने कोणाचंच बिघडत नाही, उन्हात स्क्रीन फिकी पडली की सगळ्यांनाच त्याचा फायदा होतो. सेटिंग तीन पानं आत लपवली तर ज्याला हवी त्याला ती सापडत नाही, आणि कित्येकांना आपण कलरब्लाइंड आहोत हेच माहीत नसतं.

तरी पॅलेट बदलायची सोय द्यायचीच असेल तर यादीत प्रोटॅनोपिया, ड्यूटेरॅनोपिया अशी डॉक्टरी नावं टाकू नका, लोकांना आपला प्रकार माहीत नसतो. मॅपचा तोच तुकडा तीन-चार पॅलेटमध्ये शेजारी शेजारी दाखवा आणि विचारा, कुठला सगळ्यात स्पष्ट दिसतो? दादाने तो एका झटक्यात निवडला. आयफोनवर डिफरंशिएट विदाउट कलर अशी सेटिंग असते, ती ऑन आहे का हे तुमचं अ‍ॅप वाचू शकतं, असेल तर पॅटर्न आपोआप लांबच्या झूमपासूनच चालू करा. फोनच्या कलर फिल्टरवर सगळं सोडून देणं मात्र बरोबर नाही, तो फोटोसकट पूर्ण स्क्रीनचे रंग बदलतो.

तपासायचं कसं

वेबवरचा मॅप असेल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये रेंडरिंग नावाचा टॅब आहे, त्यात खाली व्हिजन डेफिशियन्सी एम्युलेट करायचा, म्हणजे कलरब्लाइंड डोळ्यासारखं दाखवायचा, पर्याय मिळतो. क्यूजीआयएसमध्ये व्ह्यू मेनूत प्रिव्ह्यू मोड आहे. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये सिम्युलेट कलर स्पेस. कॉम्प्युटरच्या पूर्ण स्क्रीनसाठी कलर ऑरॅकल, फुकट आहे. यातले बरेच सिम्युलेटर पूर्ण रंगांधळेपण दाखवतात, सौम्य नाही, म्हणजे कडक परीक्षा घेतात, ते चांगलंच आहे. पण सिम्युलेटरमध्ये पास म्हणजे काम झालं असं नाही, तो अंदाज असतो, आणि तुम्ही तो मोठ्या मॉनिटरवर निवांत बसून बघता.

म्हणून खऱ्या फोनवर, हात लांब करून, उन्हात उभं राहून बघा. आणि कलरब्लाइंड माणसाला दाखवा. हा कुठला रंग, असं विचारू नका, ते परीक्षा घेतल्यासारखं होतं आणि त्यातून काही कळत पण नाही, आयुष्यभर लोकांनी त्यांना हाच प्रश्न विचारलेला असतो. काम द्या: यातला लवकर पोचवणारा रस्ता कुठला, गर्दी कुठून सुरू होते, जागा असलेलं सगळ्यात जवळचं पार्किंग दाखव. आणि गप्प बसा, बोट कुठे अडतंय ते बघा.

नवीन मॅप दादाला दिला तेव्हा रिकाम्या जागा त्याने लगेच दाखवल्या. मग झूम बाहेर नेला आणि थांबला, म्हणाला आता परत सगळं सारखंच झालं. बघितलं तर लांबच्या झूमला पिना लहान होऊन आतला आकडा गेला होता, आणि गोल आणि चौकोन त्या साइजला दोन्ही ठिपकेच दिसत होते. आता माझी पिन एका ठरावीक मापापेक्षा लहान होत नाही, गर्दी झाली तर शेजारच्या पिना एकत्र करून एकच मोठा गोल येतो आणि त्यात "५ पैकी २ ठिकाणी जागा" असं लिहिलेलं असतं.